झाल्या कामावरचा नवा कर

(ज्ञातिमंडळाच्या कुंडल येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संमेलनाच्या चालकांनी कर आणि कंत्राटदार ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम ती नम्रपणे नाकारली. आमची हयात ओळंबा, सूत आणि लेव्हलची नळी ह्यांच्या संगतीत गेली. ग्रंथांशी आमचा परिचय बेताचाच. शिवाय भोजनाची वेळ जवळ आली असता श्रोत्यांपुढे कराची भाषा काढणे म्हणजे आचाऱ्याशी वैर पत्करणे होय. परंतु चालकांचे म्हणणे असे पडले की, ज्याच्या पायाला ठेच लागली त्यानेच वाटेतला दगड इतरांस दाखवावा. ठेच आम्हांला लागली आहे हे खरे, म्हणून उभे राहिलो आहो.

२०२२ सालची गोष्ट. आमचे धाकटे बंधू व आम्ही मिळून एका खेड्यातील शाळेच्या दोन खोल्या बांधण्याचे काम घेतले होते. काम सरकारी होते. कार्यालयाचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण जे तेथे घडले ते अन्यत्रही घडते. कर वगळून कामाची रक्कम १४ लाख रुपये. निविदा भरली तेव्हा अशा कामावर वस्तू व सेवा कराचा दर १२ टक्के होता, म्हणजे कर १ लाख ६८ हजार. तो धरून आम्ही आकडा भरला आणि तो मंजूर झाला. मेअखेर रंगाचा शेवटचा हात फिरला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुले नव्या खोल्यांत बसली. पहिल्या पावसात स्लॅब गळला नाही, हे आम्ही स्वतः जाऊन पाहून आलो.

पुढचा प्रवास कागदांचा. मोजमाप पुस्तिकेत नोंद व्हावयाची तर साहेब रजेवर. साहेब आले तर त्यांची बदली. नवे साहेब आले तर निधी आलेला नाही. देयक मंजूर झाल्याखेरीज बीजक देऊ नये, असा तेथील शिरस्ता; तो आम्ही मुकाट्याने पाळला. बीजक ऑगस्टमध्ये दिले आणि पैसे सप्टेंबरात हाती आले. मधल्या काळात, १८ जुलै २०२२ पासून, अशा सरकारी बांधकामांवरील कराचा दर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला होता. कार्यालयाने पैसे दिले ते ठरल्या आकड्याप्रमाणे, १२ टक्के धरून. पुढे विवरणपत्रांची तपासणी झाली आणि फरकाचे ८४ हजार रुपये व त्यावरील व्याज भरावे, असे पत्र आले.

ह्या कामात आम्ही धरलेला नफा १ लाख १० हजार होता. नफा हा शब्द मोठा वाटतो. वस्तुतः ती आम्हां दोघा भावांची पाच महिन्यांची मजुरी होती. पत्र वाचून आमचे बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादा, पोरं जूनमध्ये खोलीत बसली. मग जुलैचा कर आपल्याला कुठनं लागला?"

ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाचे कलम १४ असे सांगते की, दर बदलण्यापूर्वी काम पुरे झाले असले, तरी बीजक आणि पैसे ही दोन्ही बदलानंतरची असतील, तर नवा दर लागतो. बीजक बदलापूर्वीचे असून केवळ पैसे मागाहून आले असतील, तर जुना दर लागतो. म्हणजे जून महिन्यातच आम्ही एक कागद लिहून दिला असता, तर ८४ हजार वाचले असते. हा आमचा अज्ञानाचा दोष, आणि तो आम्ही भर सभेत कबूल करतो. परंतु दोष कबूल केल्यावरही मनातील एक शल्य जात नाही. देयक अडवून धरले ते शासनाच्याच एका कार्यालयाने, आणि त्या अडवणुकीमुळे वाढलेला कर मागितला तो शासनाच्याच दुसऱ्या कार्यालयाने. उशीर एकाने केला, त्याची किंमत दुसऱ्याने वसूल केली, आणि ती दोघेही एकाच घरची!

कोणी विद्वान येथे आक्षेप घेतील की, हा काही मागील तारखेचा कायदा नव्हे. जुलैचा कायदा जुलैपासूनच लागू झाला. अक्षरशः ते बरोबर आहे. कायदा मागे गेला नाही, आमचे देयक पुढे ढकलले गेले. परंतु ज्याच्या घरातून पैसा जावयाचा, त्याला ह्या दोहोंत फरक तो काय?

आपल्या व्यवसायात उक्ते हा शब्द फार जुना आहे. दगड, लाकूड आणि लोखंड ह्या तिहींवर आपल्या वाडवडिलांनी पोट भरले ते उक्त्याच्या बोलीवर. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी येथून जवळच, तेव्हाच्या कुंडल रोड स्थानकाशेजारच्या माळावर, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेत आपला कारखाना वसविला. त्या वसाहतीच्या भिंतींना आपल्या पणजोबांच्या पिढीचे हात लागले, असे आपल्या घरोघर सांगतात. त्या काळी करारपत्र नसे. मालकाने जागा दाखवावी, गवंड्याने पावलांनी मोजावी, आकडा सांगावा, विसार घ्यावा, की काम ठरले. मग पाया खणताना कातळ लागला तर नुकसान गवंड्याचे. मऊ मुरूम लागला तर लाभही त्याचाच. कातळ लागला म्हणून मालकाकडे वाढीव पैसे मागण्यास जाणारा गवंडी पुन्हा त्या गावात उभा राहू शकत नसे.

हा व्यवहार कठोर होता, पण अन्यायाचा नव्हता. कारण आकडा सांगण्यापूर्वी जागा पाहावयास मिळत असे. कुदळीचे दोन घाव घालून पाहण्याची मुभा असे. उद्याचा कायदा मात्र आज कुदळ मारून पाहता येत नाही. दुकानदाराचा माल अजून फळीवर असतो; कर वाढला तर तो उद्या दर वाढवील. नोकरदाराचा कर पगारातून महिन्याच्या महिन्याला कापला जातो. आपला मनुष्य ह्या दोहोंमध्ये उभा आहे. तो आधी किंमत सांगतो, मग काम करतो आणि सर्वांच्या शेवटी पैसे घेतो. किंमत सांगणे आणि पैसे हाती येणे ह्यांमध्ये कधी सहा महिने जातात, कधी तीन वर्षे. ह्या अवधीत जो कर बदलेल तो त्याच्या मजुरीतूनच जावयाचा, कारण झालेल्या कामाचा दर वाढवून मागण्यास त्याला दार उरलेले नसते. म्हणून मागील तारखेचा कर सर्वांवर सारखाच असला, तरी भार सर्वांवर सारखा पडत नाही.

ॲडम स्मिथ ह्या स्कॉटिश पंडिताने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चांगल्या कराची चार लक्षणे सांगितली आहेत. त्यांत निश्चितता हे एक आहे. किती भरावयाचे, केव्हा आणि कोणत्या रीतीने, हे देणाऱ्यास आधीच स्वच्छ ठाऊक असावे. थोडी विषमता पत्करली, पण अनिश्चितता नको, असा त्याचा अभिप्राय. आपल्याकडे इंग्रजांनी मुंबई इलाख्यात शेतसारा बसविला तो बहुधा तीस-तीस वर्षांसाठी बांधून. तो जड होता, फेरपाहणीत तो वाढे, आणि १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांच्या कारणांत सारावाढही मोजली जाते. तथापि गतसालच्या पिकावर यंदा नवा सारा, असा प्रकार त्या बांधणीत नव्हता. परक्या राजवटीची ही स्तुती नव्हे. ज्या कुंडलने १९४३ पासून प्रतिसरकारचा संसार मांडला, त्या कुंडलात तसली स्तुती करण्याचे धाडस आम्ही करणारही नाही!

आता प्रत्यक्ष कायद्याकडे वळू. आपल्या राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाने मागील तारखेपासून कोणासही गुन्हेगार ठरविण्यास मनाई केली आहे. काल जे कृत्य गुन्हा नव्हते, त्याबद्दल आज शिक्षा नाही. कराच्या बाबतीत मात्र अशी मनाई नाही. २६५ वा अनुच्छेद इतकेच म्हणतो की, कायद्याच्या आधाराखेरीज कर घेता येणार नाही. तो कायदा कालपासून लागू असावा की दहा वर्षांपूर्वीपासून, हे विधिमंडळाच्या इच्छेवर राहिले.

ह्या प्रश्नावरील एक महत्त्वाचा निकाल आपल्या मुलुखातील एका थोर न्यायमूर्तींनी लिहिलेला आहे. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर ह्यांचा जन्म १९०१ साली साताऱ्यास झाला. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्यापुढे बिहारमधील मोटारमालकांचे गाऱ्हाणे आले होते. बिहार सरकारने १९५० मध्ये मोटारीने जाणाऱ्या उतारूंवर व मालावर कर बसविला. तो मालकांनी वसूल करून सरकारात भरावयाचा. १९६० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनेस धरून नाही म्हणून रद्द केला. तेव्हा सरकारने १९६१ साली राहिलेली उणीव भरून काढून तोच कायदा नव्याने केला आणि तो १ एप्रिल १९५० पासूनच अमलात होता असे ठरविले. मोटारमालक पुन्हा न्यायालयात गेले. त्यांचा प्रश्न आमच्या बंधूंच्या प्रश्नासारखाच होता: गेल्या दहा वर्षांत उतरून गेलेल्या उतारूंना आता आम्ही कोठे शोधावे, आणि त्यांच्याकडून कर कसा मागावा?

१९६३ च्या फेब्रुवारीत निकाल झाला तो मालकांच्या विरुद्ध. कर उतारूकडून वसूल करणे मालकास आता शक्य नाही, एवढ्याने त्या कराचे स्वरूप पालटत नाही. आणि काळ लांबचा आहे, एवढ्यानेच कायदा अवाजवी ठरत नाही, प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती पाहिली पाहिजे, असा त्याचा आशय होता.

हा निकाल आम्ही एका वकील स्नेह्याकडून समजावून घेतला, तेव्हा प्रथम मन कडवट झाले. साताऱ्याच्या माणसाने तरी, असे वाटून गेले. मग पुष्कळ दिवस विचार केला, आणि त्यात तथ्य आहे हे पटले. मूळ कायदा १९५० पासून कागदावर होता. कर लागणार हे मालकांस पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. भाडे ठरविताना तो धरण्याची त्यांस संधी होती. १९६१ मध्ये आकाशातून नवा धोंडा पडला नाही. जुन्याच भिंतीची निखळलेली चीर पुन्हा बसविली गेली. एखाद्याने गिऱ्हाइकाकडून कर घेऊन ठेवला आणि मागाहून कायद्यात चूक निघाली, तर तो पैसा त्याने स्वतःच्या पेटीत टाकावा, असे आम्ही तरी म्हणणार नाही.

तेव्हा आमची कसोटी ही: आकडा सांगण्याच्या दिवशी तो कर मनुष्यास ठाऊक होता काय, आणि तो आकड्यात धरण्याची त्यास मुभा होती काय? होती, तर मागील तारखेच्या दुरुस्तीबद्दल त्याने कुरकुर करू नये. नव्हती, तर तो कर न राहता दंड होतो, आणि दंडास अपराध लागतो. ह्या कसोटीने पाहता न्यायालयाचा निकाल बिहारच्या प्रकरणापुरता आम्हांस मान्य आहे. मात्र त्याचा आधार घेऊन पुढे जे जे घडले ते सारेच मान्य करावे, असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या व्यवसायावरील कराचा इतिहासही असाच वळणांचा आहे. १९५८ मध्ये मद्रासच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, इमारतीचे कंत्राट हे एकसंध असते. त्यातील विटा, वाळू, लाकूड ह्यांची वेगळी विक्री होत नाही, म्हणून त्यांवर राज्यास विक्रीकर घेता येत नाही. ही स्थिती जवळजवळ पाव शतक टिकली. १९८२ मध्ये घटनेची ४६ वी दुरुस्ती झाली आणि कंत्राटातील मालावर कर घेण्याचा अधिकार राज्यांस मिळाला. महाराष्ट्राने त्यासाठी वेगळा कायदा केला, १९८९ साली तो पुन्हा अधिनियमित केला, आणि २००५ च्या १ एप्रिलपासून मूल्यवर्धित कर आला. कायदा पुढे पाहणारा असला म्हणजे धंदा त्याच्याशी जुळवून घेतो. १९८२ नंतर आपल्यातील किती जणांनी धंदा सोडला? कोणीही नाही. आम्ही निविदेत चार रेघा जास्त ओढू लागलो, इतकेच.

घोटाळा झाला तो पुढे. २० जून २००६ पासून मूल्यवर्धित कराच्या कायद्यात बांधकामाच्या कराराची व्याख्या विस्तृत झाली. परंतु बांधत असलेल्या सदनिकेची विक्री तीत बसते की नाही, ह्यावर वर्षानुवर्षे वाद चालला. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये ती बसते असे ठरविले. २००७-०८ मध्ये पुण्यास किंवा मुंबईस सदनिका घेऊन, कर्जाचे हप्ते फेडीत बसलेल्या कुटुंबांस मग बांधकाम व्यावसायिकांची पत्रे आली की, तेव्हाचा कर आता द्या. कायदा मागील तारखेचा नव्हता. त्याचा अर्थ तेवढा मागाहून कळला.

मोठ्यांच्या कथा आपण वृत्तपत्रांतून वाचल्याच आहेत. व्होडाफोन कंपनीने २००७ साली भारतातील दूरध्वनी धंद्याची मालकी परदेशातल्या परदेशात विकत घेतली. प्राप्तिकर खात्याने त्यावर कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने खात्याचे म्हणणे उचलून धरले, पण सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने कायदा बदलला, आणि तो १ एप्रिल १९६२ पासून! पुढे आंतरराष्ट्रीय लवादांत भांडणे गेली, आणि २०२१ मध्ये संसदेने ती मागणी मागे घेणारा कायदा केला. घेतलेले पैसे व्याजाविना परत झाले.

घरची कथाही ऐका. सहकारी साखर कारखान्यांनी सभासदांस किमान दराहून जास्त ऊसदर दिला, तो खर्च नसून नफ्याचे वाटप आहे, असे म्हणून प्राप्तिकर खात्याने अनेक वर्षे मागण्या काढल्या. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात ज्या प्रकरणात निर्णय झाला त्यात आपल्या शेजारच्याच तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याचे नाव होते. त्या दरात नफ्याचा अंश किती, हे हिशेबाने वेगळे काढावे असे ठरले. २०१५ च्या वित्त अधिनियमाने पुढील वर्षांपुरता शासनाने ठरविलेला वा मंजूर केलेला दर खर्च म्हणून मान्य केला होता. २०२३ मध्ये ती सवलत मागील वर्षांनाही मिळाली, आणि तिची किंमत सुमारे १०,००० कोटी रुपये असल्याचे अर्थसंकल्पाच्या भाषणात सांगण्यात आले. ह्या सभेत क्रांतिअग्रणी कारखान्यास ऊस घालणारे पुष्कळ बसले आहेत. त्यांस ही सवलत न्याय्यच वाटेल, आणि ती न्याय्य आहेही. ज्या साली शेतकऱ्यास दर दिला, त्या साली कारखान्याने तो खर्च समजूनच दिला होता. कायद्यास मागे जाता येते, आणि मागे जाऊन चुकीची दुरुस्तीही करता येते, हे त्यावरून दिसते. मात्र त्यासाठी मागणाऱ्यामागे बळ लागते. कंपनीमागे परदेशी लवाद होता, कारखान्यांमागे सहकाराची संघटना होती. शाळेच्या दोन खोल्या बांधणाऱ्यामागे कोण?

लहान माणसासाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला, तेव्हा विवरणपत्रांचा गोंधळ आपणां सर्वांस आठवत असेल. सिमेंट घेताना आपण २८ टक्के कर भरलेला. त्याची वजावट मिळावयाची ती ठरल्या मुदतीत विवरणपत्र भरले तरच. अनेकांची मुदत हुकली. कोणाचा मुनीम गेला, कोणाचे पैसे अडकले, मग करोनाची साथ आली. कर खऱ्या अर्थाने भरलेला असताना वजावट नाकारली गेली. २०२४ मध्ये संसदेने मागील तारखेपासून नवे उपकलम घातले. २०१७-१८ ते २०२०-२१ ह्या चार वर्षांची विवरणपत्रे ३० नोव्हेंबर २०२१ पर्यंत भरली असतील, तर वजावट ग्राह्य धरावी, असे त्यात आहे. फार चांगले झाले. परंतु त्याच अधिनियमात दुसरीकडे असेही लिहिले की, ज्यांनी मागणीची रक्कम भरून टाकली असेल, त्यांस ती परत मिळणार नाही.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. दोघा कंत्राटदारांची चूक एकच. एकाने बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मागणी भरली. दुसऱ्याने अपील करून, तारखा घेऊन प्रकरण लांबविले. दुसऱ्यास माफी मिळाली आणि पहिल्याच्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. मागील तारखेच्या सवलतीतही असा अन्याय दडलेला असतो, आणि त्याची झळ बसते ती नेमकी आज्ञाधारक माणसास. आपल्या मुलांस आपण वेळेवर कर भरावा असे शिकवितो. त्यांनी हे उदाहरण पुढे केले, तर काय उत्तर द्यावे, हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही.

इंग्लंडातही स्वतंत्रपणे कंत्राटावर काम करणाऱ्यांचा असाच झगडा झाला. तेथील काही कंत्राटदारांनी आपले उत्पन्न आइल ऑफ मॅन बेटावरील भागीदारीतून फिरवून कर वाचविला. २००८ च्या वित्त अधिनियमाने ती वाट बंद केली, ती १९८७ पासून बंदच होती असे ठरवून. आणि न्यायालयांनी ते मान्य केले. पुढे पगाराऐवजी कर्ज दाखवून कर चुकविणाऱ्या योजनांवर २०१९ मध्ये आकारणी आली, ती १९९९ पासूनच्या कर्जांवर. फार ओरड झाली, चौकशी बसली, आणि अखेर ९ डिसेंबर २०१० पूर्वीची कर्जे वगळण्यात आली. बेटावरून पैसा फिरविणाऱ्यांबद्दल आम्हांस फारसा कळवळा नाही. ज्याला वळसा ठाऊक असतो त्याला धोकाही ठाऊक असतो. पण वीस वर्षे मागे जाणे हे त्या श्रीमंत देशासही अखेर पेलले नाही, एवढे नोंदवून ठेवतो.

येथे आपल्याच घरातील केर थोडा काढला पाहिजे. आपल्यातील सर्वच कंत्राटदार काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. वाळू बिनपावतीची, सळई अर्धी बिलाने आणि अर्धी रोखीने, मजुरांची हजेरी पेन्सिलीने लिहिलेली, असे प्रकार आपण जाणतो. अशा बांधवाने न्यायाची भाषा करू लागताच समोरचा अधिकारी हसतो, आणि त्याचे ते हसणे मग प्रामाणिक माणसासही भोवते. ज्याच्याजवळ कागद नाही त्यास कसोटी लावून घेता येत नाही. काम कोणत्या दिवशी पुरे झाले, हे तो कशाने सिद्ध करणार?

म्हणून आमच्या विनंत्या काही कायद्याकडे आहेत आणि काही आपणांकडे. काम पुरे होताच बीजक द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. कार्यालयाचा शिरस्ता काहीही असो. पूर्णत्वाचा दाखला मिळत नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचे, सरपंचांचे तारखेसह पत्र घ्यावे, छायाचित्र काढून ठेवावे. निविदा भरण्यापूर्वीच्या बैठकीत, कर प्रत्यक्ष लागेल त्या दराने वेगळा मिळेल काय, हे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. एकटा विचारतो तेव्हा त्याला गप्प बसवितात, दहा जणांनी विचारले की परिपत्रक निघते. आणि कागद जपावेत. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब ठेवण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे; आम्ही म्हणतो, पेटीत जागा असेल तर त्याहूनही अधिक ठेवावेत.

कायद्याकडे मागणे एवढेच. दर खुशाल वाढवावा. रस्ते, शाळा, दवाखाने हवे असतील तर पैसा लागतोच, आणि त्या कामांतूनच आपली पोटे भरतात. परंतु ज्या कामाचा कार्यारंभ आदेश दरवाढीपूर्वी निघाला असेल, त्यावर काम संपेपर्यंत जुनाच दर असावा, अथवा वाढीव कर काम देणाऱ्या कार्यालयाने आपोआप द्यावा. हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर १ एप्रिल २०१९ चे उदाहरण दाखवावे. त्या दिवशी सदनिकांवरील कराचे दर बदलले, तेव्हा चालू असलेल्या प्रकल्पांपुरता जुना दर ठेवावयाचा की नवा स्वीकारावयाचा, ही निवड बांधकाम व्यावसायिकांस देण्यात आली होती. दहा मजली इमारत बांधणाऱ्यास जी मुभा मिळाली, ती दोन खोल्या बांधणाऱ्यास का मिळू नये?

मंडळाने ह्या विषयाची एक लहानशी समिती नेमावी, अशी सूचना आम्ही अध्यक्षांपुढे ठेवतो. तिने फार काही करावयाचे नाही. आपल्या ज्ञातीत २०२२ च्या जुलैपूर्वी काम संपून मागाहून वाढीव कर भरावा लागला अशी घरे किती, रक्कम किती, देयक किती दिवस अडले होते, एवढी यादी करावी, आणि ती राज्याच्या अर्थमंत्र्यांकडे पाठवावी. कारण कराचे दर सुचविणाऱ्या परिषदेत राज्यांचे मंत्री बसतात. मोघम तक्रारीपेक्षा तारीखवार आकड्यांची यादी अधिक बोलते, असा आमचा अनुभव आहे. मोजमाप पुस्तिकेने आम्हांस दुसरे काही शिकविले नसेल, पण हे शिकविले.

आमचे ८४ हजार आम्ही व्याजासह भरून टाकले. बंधूंनी ती फाईल अजून माळ्यावर टाकलेली नाही. ती त्यांनी आज बरोबर आणली आहे. भोजनानंतर ते मंडपाच्या दाराशी वही घेऊन बसतील. ज्यांच्याकडे असे कागद असतील, त्यांनी आपले नाव, कामाची तारीख, बीजकाची तारीख आणि फरकाची रक्कम त्यांच्याकडे लिहून द्यावी. ज्यांचे कागद घरी आहेत त्यांनी गावी पोहोचताच पाठवावेत.